साधे बाण, भरवशाचे बाण: पारंपरिक धनुष्य हाती घेणाऱ्या नाशिककरांसाठी

पारंपरिक धनुष्य घ्यायचे मनात आले की पहिली चौकशी धनुष्याचीच होते. किती पौंडांचे, म्हणजे ओढायला किती जोराचे घ्यावे, कोणत्या लाकडाचे, सरळ लाँगबो की टोके पुढे वळलेला रिकर्व्ह. बाणांचा विषय निघतो अगदी शेवटी, आणि ‘धनुष्यासोबत सहा बाण मिळतात’ एवढ्यावर मिटतो. माझा सल्ला उलटा आहे. पैसे बेताचे असतील तर धनुष्यात काटकसर करा, बाणांत नको. साधारण धनुष्यावरून एकसारखे सहा बाण जवळजवळ जाऊन बसतात. भारी धनुष्यावरून सहा तऱ्हेचे बाण सहा दिशांना जातात, आणि नवखा माणूस आपल्याच हाताला दोष देत बसतो.

हा लेख साध्या धनुष्याबद्दल आहे. कप्पीचा कंपाउंड नाही, दुर्बीण नाही, स्टॅबिलायझर नाही. बोटांनी दोरी ओढायची आणि सोडायची, एवढेच.

आधी कायद्याचे

या विषयावर वाचायला आणि पाहायला मिळते त्यातले बरेचसे अमेरिकी शिकाऱ्यांनी सांगितलेले असते. बाण किती जड असावा, पाते किती धारदार असावे, हरिण किती अंतरावर असताना सोडावा. तिथे ठरावीक हंगामात, परवाना काढून धनुष्याने शिकार करता येते. आपल्याकडे येत नाही. पंचवटीतल्या माणसाला धनुर्धाऱ्याच्या शिकारीची गोष्ट नवी नाही, मारीच इथूनच रामाला मागे घेऊन पळाला. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. ससा किंवा तितरही त्यातून सुटत नाही. मारणे हा गुन्हा आहेच, मारण्याचा प्रयत्नही गुन्हाच धरला जातो. कायद्याच्या अनुसूची १ या यादीतल्या प्राण्यासाठी शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी आहे. रानडुकरे शेत उकरतात ही तक्रार खरी आहे, पण त्याचा मार्ग वन खात्याकडे अर्ज करण्याचा आहे.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. या कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे काय हे सांगताना धनुष्यबाणाचे नाव स्पष्ट घेतले आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. सकाळी सराव करून तसेच नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जायचा बेत असेल तर धनुष्य आधी घरी ठेवा.

मग शिकाऱ्यांचे सामान आपल्याला कशाला? कारण त्यांची कसोटी कडक असते. एड अ‍ॅशबी या अमेरिकी शिकाऱ्याने आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाण कसा चालतो याचा बरीच वर्षे अभ्यास केला. त्याच्या यादीत पहिला क्रमांक बाण न मोडण्याला आहे आणि दुसरा बाण सरळ उडण्याला. या दोन गोष्टी पोत्यावर नेम धरणाऱ्यालाही तितक्याच हव्यात. फोमच्या प्राण्यांवर वेगवेगळ्या अंतरांवरून नेम धरायचा थ्रीडी नावाचा खेळही आहे, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, आणि शिकारीतला सगळा कस, अंतर ओळखण्यापासून अडचणीच्या जागी उभे राहण्यापर्यंत, त्यात कोणाचा जीव न घेता लागतो. लाँगबो गटात तिथे बाण लाकडाचाच आणि पीस नैसर्गिकच लागते.

डोळा आणि ओढ मोजा

कोणत्या हाताचे धनुष्य घ्यायचे हे जेवता कोणत्या हाताने यावर ठरवू नका. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये लहानशी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या विजेच्या खांबाकडे तिच्यातून पाहा, मग एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर खांब खिडकीतून नाहीसा होतो तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल तर उजव्या हाताने दोरी ओढा. डावखुरा असूनही उजवा डोळा मुख्य असणारे बरेच भेटतात. सुरुवातीलाच डोळ्याप्रमाणे शिकलात तर पुढचा त्रास वाचतो.

मग ओढीची लांबी, म्हणजे ड्रॉ लेंग्थ. दोन्ही हात बाजूला पसरून भिंतीला टेकून उभे राहा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. १६५ सेंटिमीटर आले तर ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. हा अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरतो.

हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीला मोजलेले असतात. दर इंचाला साधारण दोन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे ३० पौंड लिहिलेले धनुष्य २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात २६ पौंडांचेच राहते. दुकानदार बाण देतो ३० पौंडांच्या हिशेबाने, आणि ते तुमच्यासाठी ताठ ठरतात.

धनुष्य, थोडक्यात

मोठ्या माणसाने सुरुवातीला हातात २० ते २६ पौंड भरेल असे घ्यावे. व्यायामशाळेत जाणारे ४५ मागतात. ते ओढतातही, पण धरून ठेवता येत नाही, आणि न धरता सोडलेला बाण कुठेही जातो. पूर्ण ओढून आठ-दहा सेकंद हात न थरथरता थांबता आले तर पौंड योग्य आहेत.

तुकडे सुटे करता येणारा, ६४ ते ६८ इंचांचा लाकडी रिकर्व्ह घ्या. पुढे ताकद वाढली तर फक्त पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, बदलता येतात. प्लॅस्टिकच्या पाइपचे घरगुती धनुष्य वापरू नका, उन्हात ते कधी फुटेल याचा नेम नाही. ‘हंटिंग किट’ म्हणून बाणाची धारदार पाती, मुखवटा आणि काळी पिशवी असा जो संच विकला जातो त्यातले कामाचे एकच असते, पिशवी.

बाणाची काडी: नाशिकची जमीन आणि चुकलेला बाण

काडी चार प्रकारची मिळते. लाकडी, बांबूची, अ‍ॅल्युमिनियमची, कार्बनची. कार्बन सर्वांत हलका आणि सरळ, अ‍ॅल्युमिनियम सर्वांत एकसारखा, लाकूड दिसायला सुंदर, बांबू सर्वांत चिवट. अशी तुलना सगळीकडे वाचायला मिळते. मी वेगळ्या बाजूने विचार करायला सांगतो. नवख्याचा बाण लक्ष्य चुकणारच, आणि आपल्याकडे तो चुकला की मऊ काळ्या मातीत जाईल असे नाही. गिरणारे, मखमलाबाद, त्र्यंबक रस्ता, बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली काळा पाषाण आहे. बाण दगडावर आपटल्यावर काय होते हे पाहून काडी निवडा.

अ‍ॅल्युमिनियमचा बाण वाकतो. काचेच्या टेबलावर लोळवला की डगडगतो, लगेच कळतो. लाकडी बाण बहुधा टोकाच्या मागे मोडतो, तेही दिसते. बांबूला उभी चीर जाते, नखाला लागते. कार्बनला मात्र आतल्या आत तडा जाऊ शकतो आणि वरून बाण नवा दिसतो. असा बाण पुढच्या वेळी दोरी सुटताना फुटला तर त्याच्या सुया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. कार्बन वाईट आहे असे मी म्हणत नाही, त्याला शिस्त लागते. आपटलेला प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा, करकर ऐकू आली तर संपला. त्यावरून कापसाचा बोळा फिरवा, धागे कुठे अडकले तर संपला. संपलेला बाण दोन तुकडे करूनच कचऱ्यात टाका, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा वापरेल. ही शिस्त पहिल्या महिन्यात कोणी पाळत नाही.

म्हणून माझे मत असे की पहिला संच अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. त्यावरचा चार आकडी क्रमांक वाचता आला पाहिजे. १७१६ मध्ये पहिले १७ म्हणजे जाडी, इंचाचा चौसष्टावा भाग असे सतरा. पुढचे १६ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. हलक्या धनुष्यांना १५१६, १६१६, १७१६ हे क्रमांक चालतात. धातूचा बाण पारंपरिक धनुष्यावर शोभत नाही असे म्हणणारे भेटतील. त्यांना म्हणू द्या, दुसरा संच लाकडाचा करा.

लाकडी काडी घेताना सरळपणाच्याही आधी लाकडाच्या रेघा पाहा. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत काडीबरोबर धावल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन बाजूने बाहेर पडत असतील तर तिथेच काडी तिरकी फाटते, आणि फाटलेले टोक धनुष्य धरलेल्या मनगटात जाते. वखारीतून आणलेल्या गोल दांड्यांत हा दोष फार असतो. दहातल्या दोन निवडता आल्या तरी नशीब समजा. २५ ते ३५ पौंडांच्या धनुष्याला ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर जाडी पुरते.

बांबूचे बाण

यावर थोडे थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यात हा पर्याय परदेशी देवदाराच्या काडीपेक्षा जवळचा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक पट्ट्यात बांबू आहे, आणि कळवण-बागलाणकडे भिल्ल वस्त्यांत तीरकामठा अजून ओळखीचा आहे. बांबूचा कामठा, बांबूच्याच चिवटीची दोरी. त्यातले काहीही मोडले तर दुरुस्ती कोयत्याने होते. कोणी कारागीर भेटला आणि बनवून द्यायला तयार झाला तर शोभेची वस्तू समजून घासाघीस करू नका. तो तुम्हाला हत्यार बनवून देतो आहे, आणि त्याची मेहनत दुकानातल्या धनुष्यापेक्षा कमी नाही.

स्वतः करायचे तर भरीव मानवेल चांगला. शेताच्या बांधावरचा, मालकाला विचारून तोडलेला असावा. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाडां’मधून वगळला, पण जंगलातला अजूनही जंगलाचाच आहे. दोन-तीन पावसाळे पाहिलेली, करंगळीएवढी बारीक काठी निवडा. कोवळी वाळताना आकसते आणि सुरकुतते. तोडायची हिवाळ्यात, तेव्हा तिच्यात साखर कमी असते आणि भुंगा कमी लागतो. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावी असे जुने लोक सांगतात. हिवाळा पाळलात तर माझ्या मते तिथी चुकली तरी चालेल.

काठ्या लांब राखून कापा, जुडी करकचून बांधा आणि सावलीत निदान दोन-तीन महिने वाळू द्या. मग निखाऱ्यावर किंवा मेणबत्तीवर एकेक वाकडी जागा हाताला चटका बसेल इतकी तापवा, उलट बाजूला किंचित जास्त वाकवा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. घाई केली की पेर मोडते. बुंध्याकडची जाड बाजू टोकाला आणि शेंड्याकडची बारीक बाजू खाचेकडे, म्हणजे दोरी बसते त्या मागच्या टोकाकडे ठेवा. खाचेच्या लगेच पुढे एक पेर येईल असे कापा आणि खाचेखाली सुती दोरा घट्ट गुंडाळून त्यावर डिंक चढवा. त्याशिवाय दोरीचा धक्का बसला की काडी उभी चिरते.

वीस काड्या केल्या तर त्यातून एकसारख्या सहा निघतात. हे प्रमाण धरूनच चाला.

ताठपणा, म्हणजे स्पाइन

नवख्याला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच. दोरी सुटली की बाण सरळ पुढे जात नाही. मागून धक्का, पुढे टोकाचे वजन, मध्ये काडी वाकते, धनुष्याला वळसा घालून जाते आणि पुढे जाऊन सरळ होते. काडी फार ताठ असेल तर वळसा पुरता होत नाही, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे जातो. नेमाचा यात काही संबंध नाही.

कार्बन काडीवरचा आकडा असा काढतात की २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगायचे. अर्धा इंच झुकली तर ५००. आकडा मोठा तर काडी मऊ. हातात २६ पौंड भरत असतील आणि काडी २८ इंच असेल तर ८०० ते १००० च्या दरम्यान शोधा. ‘४०० सगळ्यांना चालतो’ असे कोणी सांगितले तर तिथून निघा.

लाकडी काडीचा हिशेब वेगळा आणि घरी करता येण्यासारखा. फळीवर २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर दोन खिळे ठोका. काडी त्यांवर ठेवा. मध्ये दोन पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम टांगायचे असतात. किराणा दुकानातली ५०० चे एक आणि २०० ची दोन वजने पिशवीत घातली तरी काम भागते. काडी किती झुकली ते मोजा. २२ मिलिमीटर झुकली तर ती ३० पौंडांची, १९ झुकली तर ३५ ची, साडेसोळा झुकली तर ४० ची, १३ झुकली तर ५० ची. इंचातले झुकणे २६ ला भागायला घेतले की पौंड येतात, बाकी गणित नाही. हातात भरणाऱ्या पौंडांएवढी किंवा त्याहून थोडी मऊ काडी घेऊन सुरुवात करा. बाण २८ इंचांहून आखूड असेल तर आणखी मऊ घ्या, कारण आखूड काडी आपोआप ताठ होते. एका संचातल्या काड्यांत पाच पौंडांहून जास्त फरक नको.

काडीची लांबी ओढीपेक्षा एक ते दोन इंच जास्त ठेवा. ओढताना टोक धनुष्याच्या आत आले तर बाण हातात जाऊ शकतो. नवख्याची ओढ पहिल्या काही आठवड्यांत वाढते, म्हणून दोन इंच बरे.

वजन

बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. पारंपरिक धनुष्याला हातातल्या प्रत्येक पौंडामागे ८ ते १० ग्रेन हवेत. २६ पौंडांना १० च्या हिशेबाने २६० ग्रेन, म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास. त्याहून जड झाला तर बिघडत काही नाही, पल्ला कमी होतो आणि धनुष्याचा आवाजही कमी होतो. फार हलका मात्र नको. हलक्या बाणाने उचलली न गेलेली ताकद धनुष्याच्या पात्यांत परत जाते आणि सांधे उकलतात. बाण न लावता रिकामी दोरी कधीच सोडू नये यामागेही हेच कारण आहे. पाहुण्यांच्या हातात धनुष्य दिले की पहिली दोन मिनिटे त्यांच्या बोटांकडे लक्ष ठेवा.

तोलायला दशांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा पुरतो. नसेल तर सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात बाण घेऊन जा. हसतील, पण तोलून देतील. लाकडी संचात बाणाबाणांत १० ग्रेन, म्हणजे दोन तृतीयांश ग्रॅमपर्यंत फरक चालतो.

टोक, पीस, खाच

टोक साधे, निमुळते, बिनपात्याचे घ्या, १०० किंवा १२५ ग्रेनचे. धारदार पाती घेऊ नका. शिकार नाही तर त्यांचा उपयोग नाही, लक्ष्याचा फोम ती चिरून टाकतात, आणि बाण उपसताना बोटे कापतात. माळावर, गवतात नेम धरायचा तर रबरी बोथट टोक लावा, बाण गवताखाली सरपटत जाऊन हरवण्याचे प्रमाण कमी होते.

टोक बसवायला गरम करून लावायची डिंकाची काडी उत्तम, पुन्हा तापवून काढताही येते. कार्बनला लावताना टोक तापवा, काडी नको. सुतारी पांढरा डिंक पहिल्याच पावसात सुटतो.

पीस मात्र खरेच हवे. बाण हातावरून किंवा धनुष्याच्या लाकडी कट्ट्यावरून जाणार असेल तर प्लॅस्टिकचे पंख आपटतात आणि बाणाला बाजूला ढकलतात. पीस दबते आणि निघून जाते. टर्कीची, घरच्या हंसाची किंवा कोंबड्याची पिसे वापरा. घार, गिधाड, घुबड यांचे सापडलेले पीसही नको, वन्यपक्ष्याचे अवयव बाळगणे कायद्याच्या कचाट्यात येते. चार-पाच इंचांची तीन पिसे, समान अंतरावर, किंचित तिरकी म्हणजे बाण फिरत जाईल. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डावी-उजवी मिसळली तर बाण धड इकडे फिरत नाही, धड तिकडे. वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला येते.

खाच दोरीवर लावून बाण खाली लोंबकळू द्या. आपोआप पडला तर सैल. दोरीला टिचकी मारल्यावर पडला तर बरोबर. टिचकीनेही न पडणारी खाच घट्ट आहे, प्लॅस्टिकची असेल तर बारीक कानस फिरवा. लाकडी काडीत खाच रेघांना आडवी कापा.

जुळवणी

दोरीवर बाण लावायची खूण, नॉकिंग पॉइंट, काटकोनापेक्षा सुमारे अर्धा इंच वर बांधा. मग सहापैकी एका बाणाची पिसे काढा, किंवा एक काडी बिनपिसांचीच ठेवा. दहा पावलांवरून आधी पिसे असलेले तीन बाण मारा, मग बिनपिसांचा. पिसे बाणाची चूक झाकतात, बिनपिसांचा बाण ती उघडी करतो.

उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागला तर काडी ताठ आहे, १०० ऐवजी १२५ चे टोक लावून पाहा. उजवीकडे लागला तर मऊ आहे, हलके टोक लावा किंवा काडी अर्धा इंच कापा, पण ओढीच्या पुढे एक इंच राहिलाच पाहिजे. खाली लागला तर दोरीवरची खूण जरा खाली आणा, वर लागला तर वर न्या. एका वेळी एकच बदल करा. ज्याचे बाण अजून हातभर पसरतात त्याने या परीक्षेच्या नादी लागू नये, आधी महिनाभर नुसता सराव करावा.

बाकीचे सामान

हातपट्टा, म्हणजे आर्म गार्ड, पहिल्या दिवसापासून हवा. कोपराच्या आतल्या बाजूला दोरी लागली की आठवडाभर निळे राहते. बोटांना चामड्याचा टॅब लावा. भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता ओढतात आणि त्याचे नाते एकलव्याशी जोडले जाते. तुम्ही शिकणार ती तीन बोटांची पद्धतही अंगठा बाजूलाच ठेवते. दोरी चढवायला स्ट्रिंगर घ्या, गुडघ्यात अडकवून चढवल्याने धनुष्याची पाती पिळतात. दोरी डॅक्रॉन या थोड्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची बरी. जास्त न ताणणाऱ्या नव्या धाग्यांची दोरी त्यासाठीच टोके मजबूत केलेल्या धनुष्यालाच लावावी. अधूनमधून मेण चोळा. भाता कमरेचा साधा. सहा बाणांना पाठीवरचा भाता कशाला?

लक्ष्य आणि जागा

गोणपाटाचे पोते घ्या आणि फाटक्या साड्या, चादरी, द्राक्षबागेतला टाकाऊ प्लॅस्टिक कागद ठासून भरा. जितके दाबून भराल तितका बाण लवकर थांबतो. बटण, चेन, हूक आधी कापून काढा. पोत्यामागे मातीचा बांध किंवा उतार हवा, पोत्याच्या कितीतरी पट रुंद. द्राक्षांच्या ओळींमध्ये सराव करायचा मोह होतो, रस्ता सरळ दिसतो. करू नका. लोखंडी अँगलवर आपटलेला बाण परत फिरतो.

गच्ची, गोदाकाठ, तपोवन, पांडवलेणीचा डोंगर या सराव करण्याच्या जागा नव्हेत. स्वतःचे किंवा परवानगी घेतलेले शेत पाहा, नाहीतर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात धनुर्विद्येचा सराव कुठे चालतो ते विचारा. तिथे भारतीय प्रकारात बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरणारी शाळकरी मुले भेटली तर त्यांच्याकडून उभे राहणे शिका, वय पाहू नका. तुम्ही मात्र पाच-सहा मीटरपासून सुरू करा. सगळे बाण एका ताटात बसू लागले की दहा, मग अठरा. साध्या धनुष्याने शिकार करणारे अनुभवी लोकही बहुधा अठरा-वीस मीटरच्या आतच बाण सोडतात.

ऊन, पाऊस आणि बाद करणे

एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, थर सुटतात. सराव संपला की लाकडी धनुष्याची दोरी उतरवा. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडे, लाकडी आणि बांबूचे बाण ओल पितात. दोन-तीन हात लाखेचे पॉलिश द्या, खाचेच्या आतही. बाण भिंतीला टेकवून उभे ठेवले तर वाकतात, आडवे किंवा टांगून ठेवा. ओली होऊन चपटी झालेली पिसे चहाच्या वाफेवर धरली की पुन्हा फुलतात. पिसांना कसर लागते, डब्यात कडुलिंबाचा पाला टाका.

प्रत्येक बाणावर क्रमांक घाला आणि कोणता कुठे लागला ते सरावानंतर वहीत लिहा. वेगवेगळे क्रमांक बाहेर जात असतील तर हात सुधारा. एकच क्रमांक रोज बाहेर जात असेल तर त्याची खाच, पिसे आणि टोक बदलून एकदा संधी द्या. तरीही गेला तर टोक आणि पिसे उतरवून घ्या, पुढच्या बाणाला लागतील, आणि लाकडी किंवा बांबूची काडी टोमॅटोच्या रोपाशेजारी रोवा.